प्रोजेक्ट बंद होताना अडकतो, पुन्हा उघडला की ‘मीडिया ऑफलाइन’: तपासाला सुरुवात कुठून करायची

लक्षणं

व्हिडिओ संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये येणारे हे बिघाड दिसायला वेगवेगळे आहेत, पण मूळ बऱ्याचदा एकच निघतं. आधी आपलं लक्षण यात कुठे बसतं ते बघा.

- प्रोजेक्ट बंद करताना सॉफ्टवेअर गोठतं. किंवा खिडकी दिसेनाशी होते, पण सॉफ्टवेअर पुन्हा सुरू करायला गेलं तर सुरूच होत नाही.
- काल संध्याकाळपर्यंत केलेलं काम आज प्रोजेक्टमध्ये नाही, आधीचाच कट दिसतो.
- सगळ्या किंवा काही क्लिप लाल झाल्या आहेत, ‘मीडिया ऑफलाइन’ किंवा ‘मिसिंग फाइल’ लिहून येतं.
- प्रोजेक्ट ‘लॉक’ आहे, फक्त बघता येतो, बदल करता येत नाहीत.
- उघडताना दर वेळी वेव्हफॉर्म (आवाजाचे आलेख) पुन्हा बनतात, इंडेक्सिंग नव्याने सुरू होतं आणि कामाला लागायला पंधरा-वीस मिनिटं जातात.

बहुतेक वेळा उघडताना दिसणारा बिघाड त्याआधी बंद करताना तयार झालेला असतो. प्रोजेक्टमध्ये व्हिडिओ नसतो. त्यात क्लिपचे पत्ते असतात (कोणती ड्राइव्ह, कोणता फोल्डर, कोणती फाइल), कट कुठे आहेत ते असतं, इफेक्टचे आकडे आणि मार्कर असतात. म्हणूनच ५०० जीबी फुटेजचा प्रोजेक्ट काही एमबीत मावतो. हे पत्ते लिहून पूर्ण होण्याआधी सॉफ्टवेअर मारलं, ड्राइव्ह ओढून काढली किंवा नंतर फोल्डरचं नाव बदललं, तर पुढच्या वेळी प्रोजेक्ट जुन्या पत्त्यावर जातो आणि तिथे त्याला काहीच सापडत नाही. फुटेज मात्र बहुतेक वेळा जागच्या जागी शाबूत असतं. त्यामुळे लाल पडदा दिसला म्हणून घाबरून काही डिलीट करू नका आणि नव्याने इम्पोर्ट करायलाही बसू नका.

हात लावण्याआधी

सॉफ्टवेअर बंद करा. प्रोजेक्टची फाइल आणि तिच्या शेजारचा ऑटोसेव्हचा फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर कॉपी करून ठेवा. हे काम मिनिटाभराचं आहे, पण पुढची प्रत्येक पायरी त्यामुळे परतीची होते.

प्रीमिअर प्रोमध्ये प्रोजेक्ट म्हणजे एक साधी फाइल, तेव्हा ती कॉपी करणं सोपं. दाविंची रिझॉल्व्हमध्ये मात्र प्रोजेक्ट एका डेटाबेसमध्ये असतो, त्याला आता प्रोजेक्ट लायब्ररी म्हणतात. फोल्डरमध्ये शोधून तिथे फाइल मिळणार नाही. प्रोजेक्ट मॅनेजरमधून ‘एक्सपोर्ट प्रोजेक्ट’ करून डीआरपी फाइल काढावी लागते. फायनल कट प्रोची लायब्ररी एका फाइलसारखी दिसते, पण तो आतून फोल्डर असतो. फाइंडरमध्ये ती अख्खी कॉपी करा. ‘शो पॅकेज कंटेंट्स’ करून आतल्या वस्तू हलवू नका, त्यात लायब्ररी कायमची बिघडू शकते.

दुसरी गोष्ट सवयीची. क्लिप लाल दिसत असताना हात आपोआप कंट्रोल-एसवर जातो. जाऊ देऊ नका. सगळं जागेवर आल्याची खात्री झाल्यावरच सेव्ह करा. रिझॉल्व्हमध्ये ‘लाइव्ह सेव्ह’ चालू असतो आणि फायनल कटमध्ये तर सेव्हची आज्ञाच नाही, प्रत्येक बदल लगेच लिहिला जातो. ‘सेव्ह न करता बंद केलं की मागचं परत मिळेल’ हा हिशोब तिथे चालत नाही, म्हणून आधी केलेली प्रत तिथे अधिकच गरजेची.

१. उघडलेली फाइल तीच आहे का?

‘काम गेलं’ म्हणून येणाऱ्या तक्रारींत हे कारण इतक्या वेळा निघतं की बाकी काही तपासण्याआधी हे बघावंच. ‘रीसेंट’ यादीत एकाच नावाचे दोन-तीन प्रोजेक्ट असतात: एक मूळ, एक डेस्कटॉपवरची प्रत आणि एक ऑटोसेव्हमधली. यादीतल्या नावावर माऊस थांबवून पूर्ण पत्ता वाचा. मग फोल्डरमध्ये जाऊन ‘डेट मॉडिफाइड’ आणि आकार बघा. त्याच नावाच्या फाइली सगळ्या ड्राइव्हवर शोधा आणि तारखेनुसार लावा. सर्वांत नवी फाइल भलत्याच फोल्डरमध्ये सापडते, तेव्हा बराचसा उलगडा तिथेच होतो.

एक प्रकार खास सांभाळायचा आहे. कधीतरी क्रॅश झाल्यावर ऑटोसेव्हमधली फाइल थेट उघडली जाते आणि पुढचे आठ दिवस काम तिच्यावरच चालू राहतं. ऑटोसेव्हच्या फोल्डरमध्ये ठरावीक संख्येच्याच प्रती राहतात, जुन्या निघून जातात. ती कामाची जागा नव्हे. ऑटोसेव्हची फाइल उघडली की पहिली आज्ञा ‘सेव्ह अ‍ॅज’, मुख्य फोल्डरमध्ये, नव्या नावाने.

फाइलचा आकार शून्य केबी असेल तर लिहिताना मध्येच तुटली आहे. तिच्या मागे लागू नका, सरळ सहाव्या पायरीवर जा.

२. ड्राइव्ह जोडलेली आहे, पण त्याच नावाने का?

विंडोजमध्ये बाहेरची ड्राइव्ह काल ‘ई’ होती आणि आज आधी पेनड्राइव्ह लावला म्हणून ‘एफ’ झाली, इतकं पुरतं. प्रोजेक्ट ‘ई’वर शोधतो आणि सगळं लाल. अशा वेळी एकेक क्लिप पुन्हा जोडत बसू नका. डिस्क मॅनेजमेंट उघडा, ड्राइव्हवर उजवं क्लिक करून ‘चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स’मधून जुनं अक्षर परत द्या. सॉफ्टवेअर पुन्हा सुरू केलं की सगळं एकदम जागेवर येतं. संपादनाच्या ड्राइव्हना वर्णमालेतलं शेवटाकडचं अक्षर द्या, म्हणजे वाय किंवा झेड. नवी उपकरणं सुरुवातीकडची मोकळी अक्षरं घेतात, शेवटाकडे सहसा येत नाहीत.

मॅकवर हाच प्रकार नावाने होतो. ड्राइव्ह नीट इजेक्ट झाली नसेल तर त्या नावाचा रिकामा फोल्डर मागे राहू शकतो आणि पुढच्या वेळी तीच ड्राइव्ह नावापुढे ‘१’ लावून जोडली जाते. डोळ्यांना फरक जाणवत नाही, पत्ता मात्र बदललेला असतो. ड्राइव्ह इजेक्ट करून मॅक पुन्हा सुरू करा आणि मग जोडा.

मॅकवर आणखी एक शक्यता परवानगीची. सिस्टिम किंवा सॉफ्टवेअर अपडेट झाल्यावर बाहेरच्या ड्राइव्हवरची सगळी मीडिया एकदम ऑफलाइन झाली, पण फाइंडरमध्ये फाइली व्यवस्थित चालतात, तर ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’मधल्या ‘फाइल्स अँड फोल्डर्स’मध्ये जाऊन त्या सॉफ्टवेअरला ‘रिमूव्हेबल व्हॉल्यूम्स’ची परवानगी आहे का ते बघा.

३. मागची खेप अजून संपलेली नाही

खिडकी गेली म्हणजे सॉफ्टवेअर बंद झालं असं नाही. विंडोजमध्ये टास्क मॅनेजरच्या ‘डिटेल्स’मध्ये, मॅकवर अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये त्याचं नाव अजून आहे का बघा. असेल तर लगेच ‘एंड टास्क’ किंवा ‘फोर्स क्विट’ करू नका. आधी दोन गोष्टी बघायच्या.

पहिली: डिस्कचा रकाना. तिथे वाचन-लेखन चालू असेल तर ते काम करतंय, त्याला १०-१५ मिनिटं द्या. मोठा प्रोजेक्ट नेटवर्क ड्राइव्हवर असेल तर अजूनही जास्त. दुसरी: प्रोजेक्ट फाइलची सुधारित वेळ. ती आत्ताची असेल आणि आकार नेहमीइतका असेल, तर सेव्ह पूर्ण झालेलं आहे आणि सॉफ्टवेअर त्यानंतरच्या पायरीवर अडकलंय. म्हणजे एखादं प्लगइन, ऑडिओ उपकरणाचा ड्रायव्हर किंवा ग्राफिक्स कार्ड सोडण्यात गडबड आहे. अशा वेळी मारलं तरी प्रोजेक्टला धोका फार कमी. पण वेळ जुनी असेल, तर सेव्ह व्हायचंच आहे. तेव्हा जितकं थांबता येईल तितकं थांबा. सीपीयू आणि डिस्क दोन्ही दहा मिनिटं शून्यावर असतील, तरच टास्क संपवा.

हा फरक ओळखता आला की ‘बंद करताना अडकतं’ या तक्रारीचे दोन वेगळे आजार दिसतात. सेव्हच्या आधी अडकणं म्हणजे संशय ड्राइव्हवर, जागेवर, परवानगीवर. सेव्हनंतर अडकणं म्हणजे संशय प्लगइन आणि ड्रायव्हरवर. पुढच्या पायऱ्या त्यानुसार निवडा.

‘प्रोजेक्ट लॉक आहे’ हा संदेशही इथेच मोडतो. प्रीमिअरमध्ये लॉकिंग चालू असेल तर उघड्या प्रोजेक्टशेजारी पीआरलॉक नावाची छोटी फाइल तयार होते आणि नीट बंद केल्यावर ती पुसली जाते. सॉफ्टवेअर मध्येच मेलं तर ती तशीच राहते. ती काढून टाकता येते, पण प्रोजेक्ट सामायिक ड्राइव्हवर असेल तर आधी सगळ्यांना विचारा, कोणाच्या मशीनवर उघडा नाही ना. लॉक खरा असताना काढला तर दोघं एकाच फाइलवर लिहितात आणि जो शेवटी सेव्ह करेल त्याचंच काम उरतं.

४. लिहायला जागा आणि परवानगी

तीन ठिकाणची मोकळी जागा बघा: प्रोजेक्ट आहे ती ड्राइव्ह, कॅश (पटकन दाखवता यावं म्हणून सॉफ्टवेअरने बनवून ठेवलेल्या फाइली) आहे ती ड्राइव्ह आणि सिस्टिमची ड्राइव्ह. तिसरी लोक हमखास विसरतात, कारण फुटेज तिथे नसतं. पण कॅश आणि तात्पुरत्या फाइली मूळ सेटिंगनुसार तिथेच जातात. प्रत्येकीवर किमान १० ते १५ टक्के जागा रिकामी ठेवा.

जागा असूनही सेव्ह होत नसेल तर त्याच फोल्डरमध्ये एक साधी टेक्स्ट फाइल बनवून बघा. तीही होत नसेल तर दोष सॉफ्टवेअरचा नाही. मॅक एनटीएफएसची (विंडोजच्या पद्धतीने फॉरमॅट केलेली) ड्राइव्ह वाचतो, पण स्वतःहून तिच्यावर लिहीत नाही. विंडोजवरून आलेल्या ड्राइव्हवर लायब्ररी नीट न चालण्याचं हे साधं कारण. टेक्स्ट फाइल होते पण प्रोजेक्ट सेव्ह होत नाही, तर विंडोज सिक्युरिटीमधला ‘कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस’ तपासा. तो चालू असला की डॉक्युमेंट्स, व्हिडिओज आणि पिक्चर्ससारख्या फोल्डरमध्ये अनोळखी सॉफ्टवेअरला लिहू देत नाही. संपादनाचं सॉफ्टवेअर त्याच्या परवानगीच्या यादीत घाला.

विंडोजमध्ये फाइलच्या पूर्ण पत्त्याची जुनी मर्यादा २६० अक्षरांची आहे आणि बरीच सॉफ्टवेअर अजून तीच पाळतात. फोल्डरात फोल्डर आणि प्रत्येकाला लांबलचक नाव, त्यात अख्खा प्रोजेक्ट आणखी एका ‘बॅकअप’ फोल्डरमध्ये टाकला की काही मोजक्याच फाइली ऑफलाइन होतात. कोणत्या, तर ज्यांची नावं लांब आहेत त्या. वरच्या फोल्डरचं नाव आखूड केलं की सुटतं.

प्रोजेक्ट किंवा मीडिया क्लाउड सिंकच्या फोल्डरमध्ये असेल तर तो आधी तिथून बाहेर काढा. जागा वाचवायला सिंकची सॉफ्टवेअर न वापरलेल्या फाइली फक्त ऑनलाइन ठेवतात, फोल्डरमध्ये नुसतं नाव दिसतं. शिवाय सॉफ्टवेअर लिहीत असतानाच सिंकही तीच फाइल उचलायला जातं. बंद केलेल्या प्रोजेक्टची प्रत क्लाउडवर पाठवणं उत्तम, पण उघड्या प्रोजेक्टवर तिथून काम करू नये असं माझं ठाम मत आहे.

५. क्लिप पुन्हा जोडणं

ड्राइव्ह जागेवर आहे, तरी काही क्लिप लाल आहेत. आता रीलिंक. बहुतेक लोक इथे घाई करतात आणि साधा बिघाड अवघड करून ठेवतात.

आधी एका क्लिपचा जुना पत्ता वाचा. समजा प्रोजेक्ट ‘वाय:\मुलाखत\दिवस१\कॅमेराए\सी०००३.एमपी४’ शोधतोय. आता ड्राइव्हवर जाऊन हा पत्ता एकेक पायरी उतरत जा. ‘मुलाखत’ आहे. ‘दिवस१’ नाही, ‘दिवस १’ आहे. कोणीतरी मध्ये एक जागा सोडली. फोल्डरचं नाव होतं तसं करा, काम झालं. रीलिंक करण्यापेक्षा जग पूर्वीसारखं करणं केव्हाही सुरक्षित, कारण त्यात प्रोजेक्टमध्ये काहीच बदलत नाही.

तसं जमत नसेल तरच सॉफ्टवेअरची सोय वापरा. प्रीमिअरमध्ये ‘लिंक मीडिया’च्या खिडकीत ‘रीलिंक अदर्स ऑटोमॅटिकली’ला खूण ठेवा आणि ‘लोकेट’ने पहिली फाइल दाखवा, त्याच रचनेतल्या बाकीच्या आपोआप सापडतात. ‘ऑफलाइन ऑल’ दाबलं गेलं तरी नुकसान नाही, क्लिप निवडून ‘लिंक मीडिया’ नंतरही करता येतं. रिझॉल्व्हमध्ये मीडिया पूलमधल्या क्लिप निवडून ‘रीलिंक सिलेक्टेड क्लिप्स’. अख्खा फोल्डरच हलला असेल तर ‘चेंज सोर्स फोल्डर’ जास्त सरळ. फायनल कटमध्ये फाइल मेनूतलं ‘रीलिंक फाइल्स’. तिथे नवी फाइल वापरलेले सगळे तुकडे भागतील इतकी लांब आणि तशाच ऑडिओ चॅनेलची नसली तर ती नाकारली जाते, आणि ते योग्यच आहे.

धोका एकसारख्या नावांचा. अनेक कॅमेरे नवं कार्ड टाकलं की सी०००१ पासून पुन्हा मोजायला लागतात. तीन कार्डांचं फुटेज असेल तर सी०००३ नावाच्या तीन फाइली असतात. फक्त नावावरून जोडलं तर सॉफ्टवेअर कोणतीही उचलू शकतं. लाल रंग जातो, पण टाइमलाइनवर भलताच माणूस बोलताना दिसतो. म्हणून शोधताना अख्खी ड्राइव्ह दाखवू नका, नेमका कार्डाचा फोल्डर दाखवा. प्रीमिअरच्या खिडकीत जुळवणीसाठी ‘मीडिया स्टार्ट’लाही खूण करा, म्हणजे टाइमकोडही (क्लिपवर नोंदलेली वेळ) पडताळला जातो. जोडून झाल्यावर प्रत्येक कार्डातली एक क्लिप चालवून आवाज आणि ओठ जुळतात का बघा. चुकीचं जुळलं असेल तर तिथेच अनडू करा किंवा सुरुवातीला केलेली प्रत उघडा.

सगळं फुटेज सापडलं तरी उरलेल्या लाल क्लिप बहुधा संगीत, लोगो आणि स्थिर चित्रं असतात. त्या डाउनलोड्समधून किंवा डेस्कटॉपवरून थेट टाइमलाइनवर ओढलेल्या असतात आणि नंतर साफसफाईत गेलेल्या असतात. आधी रीसायकल बिन बघा. मग ज्याने पाठवल्या त्याच्याकडून मागवा. नाव तेच ठेवा.

एव्हीसीएचडी (काही कॅमेऱ्यांची रेकॉर्डिंगची पद्धत) किंवा तत्सम कार्डांत मोठी क्लिप अनेक तुकड्यांत साठवलेली असते आणि ते तुकडे जोडण्याची माहिती शेजारच्या छोट्या फाइलींत असते. नुसत्या एमटीएस फाइली उचलून आणल्या असतील तर त्या जोडताना अडचण येते. कार्डाची पूर्ण रचना, ‘प्रायव्हेट’ फोल्डरसकट, परत आणा.

६. ऑटोसेव्हमधून परत येणं

प्रीमिअरच्या ऑटोसेव्ह फोल्डरमध्ये नावापुढे तारीख-वेळ लावलेल्या प्रती असतात. सर्वांत नवी आधी, ती बिघडलेली असेल तर एकेक मागे. फायनल कट साधारण १५ मिनिटांनी बदल झाले असतील तर लायब्ररीचा बॅकअप घेतो. तो ‘मूव्हीज’मधल्या ‘फायनल कट बॅकअप्स’मध्ये असतो आणि ‘ओपन लायब्ररी’मधल्या ‘फ्रॉम बॅकअप’ने उघडतो. त्यात फक्त संपादनाची माहिती असते, मीडिया नसतं, एवढं लक्षात ठेवा. रिझॉल्व्हमध्ये प्रोजेक्टवर उजवं क्लिक करून बॅकअप बघता येतात, पण प्रेफरन्सेसमधल्या ‘प्रोजेक्ट सेव्ह अँड लोड’मध्ये ती सोय चालू केलेली असेल तरच. लाइव्ह सेव्ह म्हणजे बॅकअप नव्हे. आज प्रोजेक्ट चांगला असला तरी ही खूण आजच करून ठेवा. केडेनलाइव्हमध्ये फाइल मेनूत ‘ओपन बॅकअप फाइल’ आहे.

७. कॅश साफ करणं

दर वेळी वेव्हफॉर्म नव्याने बनणं, क्लिप जोडलेली असूनही काळी किंवा आवाजाविना दिसणं, बंद करायला दर वेळी अधिक वेळ लागणं: हे कॅशचे बिघाड. प्रीमिअरमध्ये सगळे प्रोजेक्ट बंद करून फक्त सुरुवातीचा पडदा समोर असताना प्रेफरन्सेसमधल्या ‘मीडिया कॅश’मधून सर्व फाइली काढा. प्रोजेक्ट उघडा असताना फक्त न वापरलेल्या निघतात. मूळ फुटेजला यात धक्का लागत नाही. नंतरचं पहिलं उघडणं संथ असेल, ते होऊ द्या.

रिझॉल्व्हमध्ये कॅश फोल्डरमध्ये जाऊन हाताने साफसफाई करू नका. ‘कॅशक्लिप’च्या शेजारीच गॅलरीचा फोल्डर असू शकतो आणि रंगकामाचे स्टिल त्यात असतात. ते गेले की गेलेच. ‘प्लेबॅक’ मेनूतलं ‘डिलीट रेंडर कॅश’ वापरा.

कॅश दर वेळी नव्याने बनत असेल तर तिचा फोल्डर कुठे आहे ते बघा. काढता-घालता येणाऱ्या ड्राइव्हवर किंवा साफसफाईचं सॉफ्टवेअर रिकाम्या करतं त्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये असेल, तर जागा बदला. आतली वेगळी एसएसडी सर्वांत चांगली.

८. नव्या प्रोजेक्टमध्ये इम्पोर्ट, मग सेटिंग आणि प्लगइन

प्रोजेक्ट उघडतो, पण काम करताना किंवा बंद करताना दर वेळी कोसळतो, आणि दुसरा प्रोजेक्ट त्याच मशीनवर व्यवस्थित चालतो, तर बिघाड प्रोजेक्टच्या आत आहे. प्रीमिअरमध्ये नवा रिकामा प्रोजेक्ट उघडून जुना त्यात इम्पोर्ट करा. अख्खा इम्पोर्ट केल्यावरही कोसळला तर ‘सिलेक्टेड सीक्वेन्सेस’ (म्हणजे निवडक टाइमलाइन) निवडून अर्ध्या-अर्ध्या आणा. ज्या अर्ध्यात कोसळतो त्याचे पुन्हा दोन भाग करा. चार-पाच फेऱ्यांत दोषी सीक्वेन्स सापडतो, मग त्यातली क्लिप किंवा इफेक्ट. फायनल कटमध्ये नवी लायब्ररी बनवून एकेक प्रोजेक्ट तिच्यात कॉपी करा. रिझॉल्व्हमध्ये डीआरपी काढून नव्या नावाने परत आणा.

सगळेच प्रोजेक्ट अडकत असतील तर उलट बाजूने चला: बाहेरची प्लगइन तात्पुरती हलवा, ऑडिओ उपकरण बदलून सिस्टिमचं मूळ उपकरण निवडा, मग प्रेफरन्सेस रीसेट करा. प्रीमिअर सुरू करताना ऑल्ट (मॅकवर ऑप्शन) दाबून धरा, फायनल कटला कमांड आणि ऑप्शन. रीसेट आधी नको, कारण त्यात तुमची सेटिंग जातात आणि ड्राइव्ह किंवा जागेचा दोष असेल तर हाती काहीच लागत नाही.

काम चालू असताना सॉफ्टवेअरची मोठी आवृत्ती बदलू नका. नव्या आवृत्तीत उघडून सेव्ह झालेला प्रोजेक्ट जुन्यात उघडत नाही. रिझॉल्व्हची लायब्ररी तर एकदा अपग्रेड झाली की अख्खी पुढे जाते.

बंद करायचा क्रम

वरचं दुरुस्त झाल्यावर हा क्रम पाळला तर बिघाड परत येण्याची शक्यता फार कमी होते. एक्सपोर्ट, प्रॉक्सी (फुटेजच्या हलक्या प्रती) आणि पार्श्वभूमीची कामं संपू द्या. फायनल कटमध्ये कमांड-९ ने ती दिसतात. सेव्ह करा. दिवसअखेरीस तारीख घातलेल्या नव्या नावाने एक प्रत करा, कारण बंद केल्यावर अनडूचा इतिहास जातो. आधी प्रोजेक्ट बंद करा, मग सॉफ्टवेअर. प्रीमिअरमध्ये एकाच वेळी अनेक प्रोजेक्ट उघडे असू शकतात आणि ‘क्लोज प्रोजेक्ट’ फक्त समोरच्यालाच लागू होतं, तेव्हा ‘क्लोज ऑल’ की एकच, ते बघून निवडा. रिझॉल्व्हमध्ये ‘डायनॅमिक प्रोजेक्ट स्विचिंग’ चालू असेल तर बदललेला प्रोजेक्टही मेमरीत उघडाच राहतो. रॅम भरून बंद होणं रेंगाळत असेल तर ‘क्लोज प्रोजेक्ट्स इन मेमरी’ करा. टास्क मॅनेजरमधून नाव गेलं, फाइलची वेळ नवी दिसली, की मगच ड्राइव्ह इजेक्ट करा. विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून बाहेरच्या ड्राइव्हला मूळ सेटिंग ‘क्विक रिमूव्हल’ असलं तरी इजेक्ट टाळू नका. ड्राइव्ह एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल तर तिला जर्नल (चालू लेखनाची नोंद) नसतं आणि अर्धवट लेखन सावरणं अवघड जातं.

प्रोजेक्ट कायमचा मिटवताना प्रीमिअरचा ‘प्रोजेक्ट मॅनेजर’, रिझॉल्व्हचं ‘प्रोजेक्ट आर्काइव्ह’, फायनल कटचं ‘कन्सॉलिडेट’ किंवा केडेनलाइव्हचं ‘आर्काइव्ह प्रोजेक्ट’ सगळी मीडिया एका जागी आणतं. फक्त वापरलेले तुकडे ठेवत असाल तर दोन्ही बाजूंना किमान दोन सेकंद, म्हणजे २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर ५० फ्रेम, जास्तीच्या ठेवा. प्रीमिअरला जिवंत जोडलेल्या आफ्टर इफेक्ट्सच्या कॉम्पोझिशन त्यात येत नाहीत. त्या वेगळ्या गोळा करा, फाँट आणि लट (रंगकामाच्या तयार सेटिंगच्या फाइली) याही. मग परीक्षा घ्या: मूळ फुटेजची ड्राइव्ह काढा आणि गोळा केलेला प्रोजेक्ट उघडा. एकही क्लिप लाल नसेल, तरच मूळ ड्राइव्ह रिकामी करण्याचा विचार करा.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

ड्राइव्हमधून टकटक किंवा घासल्याचा आवाज येतो, ती मधूनच गायब होते, किंवा विंडोज ‘वापरण्याआधी फॉरमॅट करा’ असं सांगतं, तर त्या क्षणी सगळं थांबवा. फॉरमॅट नको, चेकडिस्क (विंडोजची ड्राइव्ह दुरुस्तीची सोय) नको, पुन्हापुन्हा लावून बघणं नको. आवाज नसेल आणि फक्त गायब होत असेल तर एकदा केबल बदलून, यूएसबी हब काढून थेट मशीनला लावून बघा. तेवढंच. स्मार्ट (ड्राइव्ह स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) तपासणीत खराब सेक्टर वाढताना दिसले तर वाचेल ते ताबडतोब दुसरीकडे घ्या. वाचत नसेल तर काम डेटा रिकव्हरीवाल्यांचं आहे.

कार्ड चुकून फॉरमॅट झालं किंवा मूळ फुटेज डिलीट झालं असेल तर त्यावर काहीही नवं लिहू नका. रिकव्हरीचं सॉफ्टवेअरही त्याच ड्राइव्हवर टाकू नका. एसएसडीवर ट्रिममुळे (डिलीट केलेली जागा आपोआप मोकळी करण्याची सोय) डिलीट झालेलं लवकर पुसलं जाऊ शकतं, म्हणून मशीन लगेच बंद करून जाणकाराकडे द्या.

रिझॉल्व्हची लायब्ररी पोस्टग्रेएसक्यूएल (अनेकांनी मिळून वापरायचा डेटाबेस) सर्व्हरवर असेल आणि ती उघडतच नसेल, तर सर्व्हरच्या फाइलींना हात लावू नका. तिथे एकाच नव्हे, सगळ्यांच्या प्रोजेक्टचा प्रश्न असतो, ते काम सिस्टिम सांभाळणाऱ्याचं. प्रोजेक्ट फाइल शून्य केबी, एकही ऑटोसेव्ह नाही आणि उद्या काम द्यायचं आहे, अशा वेळी शेवटचा एक्सपोर्ट केलेला व्हिडिओ शोधा. रिझॉल्व्हमधलं ‘सीन कट डिटेक्शन’ किंवा प्रीमिअरमधलं ‘सीन एडिट डिटेक्शन’ त्यावर चालवून कटच्या जागा मिळतात आणि त्यावरून मूळ फुटेज पुन्हा बसवता येतं. काम वेळखाऊ आहे. हातात एक दिवसही नसेल तर दुसऱ्या अनुभवी संपादकाला सोबत घ्या आणि टाइमलाइन निम्मी-निम्मी वाटून घ्या.